सहभागी व्हा, पण बेताने

पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांना विचारते आहे, ‘अंदाजपत्रकात काय घालू?’ साधारण गणपतीच्या सुमारास अर्ज निघतात. तुम्हीही भरा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ साली हा प्रकार सुरू झाला तेव्हा लोक वस्तीच्या सभेत तावातावाने भांडून कामं ठरवायचे. आपल्याकडे ती दगदग नाही. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला की लोकशाही झाली.

मात्र मागणी झेपेल अशी करा. एका कामाला पाच लाखांची मर्यादा असते. त्यात बाकडं बसतं, दिव्याचा खांब उभा राहतो. उड्डाणपूल बसत नाही, तेच बरं. पूल कुठे बांधायचा आणि पुढे कधी पाडायचा, हे ठरवायला जाणती माणसं आहेत. विद्यापीठ चौकातला पूल २०२० साली पाडला, तेव्हा आला होता का तुमच्याकडे अर्ज?

सर्वांत भरवशाची मागणी पेव्हर ब्लॉकची, तीही जिथे ते आधीच धडधाकट आहेत तिथे. मार्चअखेरीस ते उखडले जाणारच असतात. तुमच्या सहीने त्याला लोकांचा पाठिंबा मिळतो. स्वच्छतागृह मागायचंच असेल तर पलीकडच्या गल्लीत मागा. ते स्वतःच्या सोसायटीसमोर मागणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

काम मंजूर झालं तर पाठपुरावा टाळा. उगाच कळेल की तरतूद वर्गीकरणात गेली, म्हणजे पैसे दुसऱ्याच कामाकडे वळवले. याला कुणी पळवापळवी म्हणतं. तुम्ही म्हणू नका. आणि बाकडं खरोखर आलंच, तर बसण्याआधी पाठीवरचं वाचून घ्या. ‘यांच्या संकल्पनेतून’च्या वर माननीयांचं, म्हणजे नगरसेवकांचं, नाव असेल. अर्ज तुमचा, संकल्पना त्यांची.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ माननीयच नव्हते. पण काही अडलं नाही. आयुक्त अंदाजपत्रक मांडायचे, स्थायी समितीच्या अधिकारात स्वतःच ते स्वीकारायचे आणि मुख्य सभेच्या अधिकारात तेच मंजूर करायचे. ना गोंधळ, ना सभात्याग, ना उपसूचना. त्या काळातही नागरिकांच्या सूचना मात्र आवर्जून मागवल्या जात होत्या. तुमची राहिली असेल तर पुढच्या खेपेला द्या. पोच घ्यायला विसरू नका. पत्त्याचा पुरावा म्हणून कुठे चालली तर चालली.