चुंबकीय क्षेत्राने धातूचा रोध वाढतोच, असं नाही

‘धातू चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्याचा विद्युतरोध वाढतोच. धातूत दोष जितके जास्त, तितकी वाढ जास्त. रोध उतरलेला दिसला, तर मोजणी चुकली.’ हे विधान बरंच फिरतंय, आणि नियम म्हणून पाठही केलं जातं.

पहिलं वाक्य स्वच्छ स्फटिकांपुरतं बहुतेक वेळा खरं ठरतं. तिथे क्षेत्र इलेक्ट्रॉनची वाट वाकवतं आणि रोध वाढतो.

दुसरं मात्र साफ उलटं आहे. वाट वाकायला दोन टकरांमध्ये सवड लागते. अतिशय अव्यवस्थित, म्हणजे दोषांनी भरलेल्या धातूत ती जेमतेम 10⁻¹⁵ सेकंद असते. म्हणजे 1 टेस्ला क्षेत्रातही या कारणाने होणारी वाढ साधारण दहा कोटींत तीन भाग!

तिसऱ्या वाक्याची मला खरी चीड येते, कारण ते ऐकून विद्यार्थी बरोबर आलेले आकडे खोडून टाकतात. इलेक्ट्रॉन तरंगही आहे. दोषांवर आपटत तो कधी फेरी मारून निघाल्या जागी परततो. तीच फेरी उलट दिशेनेही होते, आणि दोन्ही तरंग एकाच कलेत (म्हणजे चढउताराच्या एकाच टप्प्यावर) परत येऊन एकमेकांना बळ देतात. त्यामुळे मागे फिरण्याची शक्यता दुप्पट होते आणि रोध किंचित चढतो. चुंबकीय क्षेत्र या दोन तरंगांच्या कलांत फरक पाडतं. मेळ मोडतो, रोध उतरतो. तरंगाची कला मायक्रोमीटरभर टिकत असेल, तर एक मिलिटेस्लाहून कमी क्षेत्रही पुरतं. हिकामी, लार्किन आणि नागाओका या भौतिकशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये याचं सूत्रच मांडलं.

1981 मध्ये शार्विन पितापुत्रांनी क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूवर मॅग्नेशियमचा थर चढवून पोकळ नळी केली आणि क्षेत्र हळूहळू वाढवलं. रोध ठरावीक अंतराने वरखाली झाला. ते अंतर होतं नळीतून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहाच्या h/2e एवढ्या वाढीचं (h म्हणजे प्लांकचा स्थिरांक, e म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार). नळीभोवती उलटसुलट फिरणाऱ्या दोन तरंगांचा मेळ तेवढ्या वाढीगणिक मोडून पुन्हा जुळतो. याला मोजणीची चूक कसं म्हणणार?

म्हणून ‘रोध उतरतोच’ असा नवा नियम करायला नको. भौतिकशास्त्रज्ञ बर्गमन यांनी मॅग्नेशियमच्या पातळ थरावर एका अणुथराहूनही कमी सोनं चढवलं, तर कमी क्षेत्रात रोध उलट वाढू लागला. सोन्यासारख्या जड अणूंवर आदळताना इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत, छोट्या चुंबकासारखा गुण) वळतो आणि दोन तरंग एकमेकांना मारक ठरतात.

तुमच्या आलेखात शून्य क्षेत्राशी रोधाचं टोकदार शिखर दिसलं, तर ते खोडू नका. नमुना काही केल्विनांपासून हळूहळू तापवत न्या. तापमानाबरोबर कला लवकर विस्कटते, त्यामुळे शिखर रुंद आणि बुटकं होत गेलं पाहिजे. तसूभरही बदललं नाही, तर मग जोडणी तपासा.