स्टीव्ही रे वॉन, मी आणि खालच्या मजल्यावरची बाई

गिटारच्या अ‍ॅम्पवर (आवाज मोठा करणारा तो स्पीकरचा खोका) व्हॉल्युमच्या नॉबला एक ते दहा आकडे असतात आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माणसाला त्यातला फक्त एक वापरता येतो. तोही दुपारी. हे अ‍ॅम्प विकताना कोणी सांगत नाही.

मी ऑस्टिनला राहतो. म्हणजे स्टीव्ही रे वॉन या ब्लूज गिटारवाल्याच्या गावात, जन्म डॅलसचा पण नाव काढलं ते इथेच. तळ्याकाठी त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, टोपी वगैरे घातलेला, आणि आपण रविवारी पळायला म्हणून जातो तेव्हा तो असा बघतो की घरी जाऊन प्रॅक्टिस करावीशी वाटते (पळणं तिथेच थांबतं, हा फायदा वेगळा). तर त्याचा 'टेक्सस फ्लड' अल्बममधला आवाज आपल्या घरात काढायचा असं मी ठरवलं. बायको म्हणाली, "काढ, पण भिशीच्या दिवशी नको."

आता हा आवाज आला कसा ते बघा. 1982 च्या नोव्हेंबरात जॅक्सन ब्राउन या गायकाने लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत स्टीव्ही आणि त्याच्या बँडच्या पोरांना फुकट वापरायला दिला, आणि यांनी जेमतेम तीन दिवसांत, त्यातला एक सामान मांडण्यात घालवून, अख्खा अल्बम उरकला. अ‍ॅम्प होते फेंडरचे व्हायब्रोव्हर्ब आणि शिवाय ब्राउनचाच डंबल. हे डंबल म्हणजे हॉवर्ड डंबल नावाचा माणूस एकेक करून हाताने बनवायचा, आणि कोणी नक्कल मारू नये म्हणून आतल्या सर्किटवर चिकट लुकण ओतून ठेवायचा. आज तसा एक घ्यायचा तर लाखभर डॉलर आणि वर. मी फेंडरचाच सेकंडहँड सुपर रिव्हर्ब अ‍ॅम्प घेतला, स्टीव्ही हाही वाजवायचा त्यामुळे मनाची समजूत निघते. 45 वॉट, दहा इंची चार स्पीकर. जिन्यावरून वर चढवताना मी, बायको आणि एक अनोळखी डिलिव्हरीवाला.

सेटिंग्ज मिळवणं सोपं असतं, जो तो द्यायला बसलेला असतो. एक म्हणतो ट्रेबल साडेपाच, दुसरा म्हणतो सातच्या खाली आणलंत तर खेळ खलास, तिसऱ्याकडे स्टेजवरच्या अ‍ॅम्पचा धूसर फोटो असतो आणि त्यात बासचा नॉब चारवर आहे की पाचवर यावर तो लग्न मोडायला तयार असतो. फक्त व्हॉल्युमबद्दल सगळ्यांचं एकमत. सहा किंवा जास्त.

आणि मेख इथेच आहे राव. या जुन्या फेंडरना मास्टर व्हॉल्युम, म्हणजे शेवटी एकूण आवाज कमी करणारा वेगळा नॉब, नसतो, आतल्या काचेच्या व्हॉल्व्हना भरपूर सिग्नल देऊन दमवायचं आणि ते दमले की जो किंचित फाटलेला, जाडजूड आवाज येतो तो टोन. स्टीव्ही ट्यूब स्क्रीमर नावाच्या पायाने दाबायच्या पेडलवर ड्राइव्ह (आवाज फाडणारा नॉब) कमी आणि लेव्हल (जोर वाढवणारा) भरपूर ठेवायचा ते याचसाठी, आधीच घामाघूम झालेल्या अ‍ॅम्पला अजून एक ढुशी. आमचा अ‍ॅम्प एकवर, त्याला घाम कसला, तो अजून अंथरुणात. मग ट्रेबल सहा करा नाहीतर नऊ करा, डब्यात माशी कोंडल्यासारखा आवाज येतो. दीडवर नेला की खालची बाई छताला झाडूचा दांडा मारते, आणि दोनवर नेला तेव्हा अपार्टमेंटच्या ऑफिसातून ईमेल आला, फार सभ्य भाषेत, त्यात 'शांततेचा उपभोग' असा शब्दप्रयोग होता.

बरं, नुसता अ‍ॅम्प नाही ना. तार तेराची पाहिजे. म्हणजे सगळ्यात बारीक तारच इंचाचे तेरा सहस्रांश, आपण सामान्य माणसं नऊ-दहाच्या वापरतो. ती वाकवायला जी ताकद लागते ती माझ्यात नाही, कुणाही आयटीवाल्यात नसावी. बोटं सोलवटली की स्टीव्ही सुपरग्लू लावून पुढे वाजवायचा. हे ऐकून आई म्हणाली, "फेविक्विक? बोटांना?" आणि घरातली ट्यूब तिने लपवून ठेवली ती अजून सापडलेली नाही.

आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली आहे. माहेर सतारमेकर गल्लीच्या जवळ, त्यामुळे तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंजणारी आस, लागते तेव्हा कसं ऐकायचं हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. ती सोफ्यावर तांदूळ निवडत (इथले निवडावे लागत नाहीत, तरी) माझे सगळे उद्योग बघत होती. तारा अर्धा सूर खाली उतरवतात, ई फ्लॅट, असं मी कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, "काळी दोन म्हण की सरळ." मग थोड्या वेळाने, "तुझं लावून झालं की वाजवणार पण आहेस का?" मी म्हटलं आई, टोन शोधतोय. "शोध, पण गेल्या आठवड्यापासून एकच ओळ वाजतीये, आणि ती पण अर्धी."

शेवटी तासावर भाड्याने मिळणारी रिहर्सलची खोली घेतली. आई पण आली, घरी बसून काय करू म्हणाली, पर्समधून कापूस काढून कानात घातला आणि खुर्ची ओढून भिंतीशी बसली. मी व्हॉल्युम सहावर नेला. अहो काय सांगू, पहिला स्वर वाजवला आणि पँटचे पाय हलले, तार सोडली तरी आवाज जाईना, छातीत कोणीतरी बुक्की मारून उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि ते ट्रेबल साडेपाच की सात प्रकरण त्या हवेच्या धक्क्यात कुठल्या कुठे गेलं, नॉब कुठे आहेत ते बघायलाही सुचेना. आई कापसातून ओरडली, "आता जवारी खुलली! पण वरची तार उतरलीये!" उतरली होतीच, तेराची तार ओढून ओढून माझ्यासकट सगळंच उतरलं होतं.

दुसरा स्वर वाजवेपर्यंत दारावर थाप. शेजारच्या खोलीतला मेटल बँड, चौघंही काळ्या टीशर्टातले, गोंदलेले, दाढ्या छातीपर्यंत. म्हणाले सॉरी, पण आम्हाला आमचा ड्रमर ऐकू येत नाहीये, जरा कमी करता का.

आईने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि पर्स उघडून उरलेला कापूस पुढे केला.