सॅव्हानाला जाताय? भुतांची टूर सोडा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सॅव्हानाला जाऊन आलेल्या आपल्या लोकांच्या फोटोंत तेच तेच असतं: ओकच्या झाडांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस, फॉर्सिथ पार्कातलं पांढरं कारंजं आणि रात्रीची भुतांची टूर. गाव देखणं आहे, वादच नाही. १७३३ मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्प याने घालून दिलेल्या आराखड्यावर ते वाढलं. आजही तिथे २२ चौक आहेत आणि चार पावलं चाललं की सावली मिळते. पण भुतांच्या टूरचा मला मनापासून राग आहे. जिथे माणसांवर खरोखर एवढं गुदरलं, तिथे कल्पनेतली भुतं कशाला विकायची?

दिवस एकच असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत रिव्हर स्ट्रीटवर जा. वरच्या रस्त्यावरून नदीकडे उतरणाऱ्या उतारांवर दगड बसवलेत, ते जरा थांबून बघा. ओबडधोबड, एकाचा रंग दुसऱ्याशी न जुळणारे. (चपला नकोत, पाय मुरगळतो.) माल नसलेली जहाजं तोल राखायला पोटात दगड भरून यायची, ते इथे टाकायची आणि कापूस भरून परत जायची. तो कापूस गुलामांनी पिकवलेला, वेचलेला.

या धक्क्याचा आपल्याशीही संबंध आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, उत्तरेच्या सैन्याने नदीच्या मुखाजवळचा फोर्ट पुलास्की घेतला आणि हे बंदर जवळजवळ बंद पडलं. दक्षिणेचा कापूस असा ठिकठिकाणी अडकल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसामागे लागल्या. वऱ्हाड-खानदेशात भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं गडगडलं. मुंबईतल्या त्या तेजीबद्दल आपण वाचलेलं असतं. ज्यांच्या कापसाची जागा आपल्या कापसाने घेतली, ती माणसं मात्र आपल्याला ठाऊकच नसतात.

त्यांच्यासाठी फ्रँकलिन स्क्वेअरवरच्या फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चमध्ये जा. ही इमारत १८५९ ची. दिवसभर मालकाकडे राबलेल्या माणसांनी ती रात्री जागून उभी केली. खालच्या मजल्यावरच्या लाकडी जमिनीत भोकं आहेत, ठरावीक नक्षीत पाडलेली. पहिल्यांदा बघताना ती शोभेचीच वाटतात. फळ्यांखाली पळून आलेले गुलाम लपायचे आणि त्यांना हवा मिळावी म्हणून ही भोकं, असं चर्चची मंडळी पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. मला तिथून लवकर निघवेना. ज्या वर्षी ही वास्तू पुरी झाली, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गावाबाहेरच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसांचा लिलाव झाला होता. आया, तान्ही मुलं, सगळे.

दुपारी ओवेन्स-थॉमस हाऊस ही जुनी हवेली बघा, पण दिवाणखान्याआधी मागच्या बाजूच्या गुलामांच्या खोल्या. तिथल्या छताला जुना निळा रंग अजून टिकून आहे.

मग मॅडिसन स्क्वेअरजवळचं ग्रीन-मेल्ड्रिम हाऊस. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन याने इथे २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं होतं की तुमच्या लोकांना काय हवं. त्यांनी जमीन मागितली, स्वतः कसून पोट भरता येईल अशी. चारच दिवसांत हुकूम निघाला, कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन. वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो फिरवला आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली.

गुलामगिरीची जाहीर भलामण करणाऱ्या कॅल्हून या राजकारण्याचं नाव तिथल्या एका चौकाला होतं. शहराने ते काढलं आणि २०२३ मध्ये चौकाला सुझी किंग टेलर यांचं नाव दिलं. गुलामीत जन्मलेल्या या बाई सॅव्हानातल्या गुप्त शाळांत शिकल्या आणि पुढे त्यांनी स्वतः शाळा चालवली. संध्याकाळ त्या चौकात घालवा.