तीन पत्ती येते म्हणून पोकर येत नाही

‘तीन पत्ती येते ना? मग पोकर दहा मिनिटांत शिका आणि घरबसल्या महिना पन्नास हजार कमवा.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. फिरेना का, पण परवा भाच्याने तो मला पाठवला, वर ‘मामा, पोकर हा कौशल्याचा खेळ आहे हे सुप्रीम कोर्टानेच मान्य केलंय म्हणे’ अशी पुस्ती जोडून. पोरगा इंजिनिअरिंगला आहे. आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

त्या मेसेजमधला पहिला दावा: ‘पोकर म्हणजे मोठी तीन पत्तीच.’ सगळ्यात जास्त खिसे यानेच कापले जाणार आहेत. गणपतीच्या जागरणात खेळून आपल्या डोक्यात क्रम पक्का बसलेला असतो: ट्रेल (तिन्ही पत्ते एकाच किमतीचे) सर्वात वर, मग सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते), कलर (सगळे एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक) त्याच्या खाली. पोकरमध्ये हात, म्हणजे शेवटी मोजला जाणारा पत्त्यांचा संच, पाच पत्त्यांचा असतो, आणि तिथे कलर सिक्वेन्सच्या वर जातो. कुणाच्या लहरीने नव्हे, मोजणीने. तीन पत्त्यांत सिक्वेन्स 720 प्रकारे जुळतो आणि कलर 1,096 प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. पारडं फिरलं.

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारातला एक डाव बघा. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, टेबलावर पाच उघडे, आणि या सातांतून उत्तम पाच निवडायचे. तुमच्याकडे इस्पिकची आणि किलवरची नव्वी. टेबलावर बदामची नव्वी, राणी आणि चव्वी, चौकटचा राजा, किलवरची दुर्री. तीन नव्व्या! तीन पत्तीवाला इथे डोळे झाकून सगळे पैसे पुढे सारतो, कारण ट्रेल त्याच्या लेखी जवळपास अजिंक्य. समोरच्याने बदामची सत्ती आणि पंजी दाखवली की टेबलावरचे तीन धरून त्याचे पाच बदाम, म्हणजे कलर, आणि खेळ खलास, कारण पोकरमध्ये ट्रेल सिक्वेन्स आणि कलर दोघांच्याही खाली येते. टेबलावर तीन बदाम उघडे पडलेले असताना घाबरायला हवं होतं, पण ते तीन पत्ती शिकवत नाही. तिथे टेबलावर उघडा पत्ताच नसतो.

दुसरा दावा: ‘चार पत्ते एका रंगाचे झाले की पाचवा लागायची शक्यता फिफ्टी-फिफ्टी, लागेल किंवा नाही लागणार.’ या न्यायाने उद्या माझ्या घरावर उल्का पडायची शक्यताही पन्नास टक्केच. टेबलावरचे पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात; पहिले तीन उघडल्यावर तुम्हाला न दिसलेले 47 उरतात, त्यांत तुमच्या रंगाचे 9. पुढच्या पत्त्याला 19 टक्के, उरलेले दोन्ही पत्ते बघायला मिळाले तरी 35. पोकरची मुळाक्षरं म्हणजे हा हिशोब.

आता सुप्रीम कोर्ट. 1967 चा तो निकाल सिकंदराबादच्या एका क्लबात चालणाऱ्या रमीबद्दल होता, पोकरबद्दल नव्हे. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असं कोर्टाने म्हटलं, आणि त्याच परिच्छेदात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा खेळ ठरवलं. म्हणजे मेसेज लिहिणारा ज्या निकालाच्या जोरावर उड्या मारतोय, तोच त्याच्या ‘मोठ्या तीन पत्ती’चं नाक कापतो. शिवाय संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही, सगळ्यांवर सरसकट बंदी आहे. त्यामुळे ‘घरबसल्या’ हा शब्द तर पहिल्याच फटक्यात बाद.

एवढं मान्य करतो, नाइलाजाने: पोकरमध्ये कौशल्य आहे. हजारो डावांत चांगला खेळाडू वाईटाला हरवतो. पण ते समोर वाईट खेळाडू असेल तर, आणि क्लब किंवा कसिनो प्रत्येक मोठ्या डावातून आपला कट काढून घेतो, तो भरून निघाला तर. टेबलावरचे सगळे मिळून जेवढे आणतात त्याहून कमी घेऊन उठतात. मग प्रत्येकाला पन्नास हजार देणार कोण?

‘सतत ब्लफ मारा’ आणि ‘पाच डाव हरलात की सहावा तुमचाच’ यांवर शाई खर्च करत नाही. पत्त्यांना आठवण नसते. ‘टॅक्स लागत नाही’ हेही खोटं. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आहे, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

शिकायचंच असेल तर वाटीभर चिंचोके घ्या, हातांचा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा, आणि पहिले दोन पत्ते बघून डाव सोडून द्यायची सवय लावा. दहापैकी सात-आठ वेळा तेच करायचं असतं.