गोधडी जड आहे पण गार लागते, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई नमस्कार, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि मला झोप नाही लागली. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की आईच्या साड्यांची गोधडी शिवायला 1,800 रुपये घेतले, चार किलोची गोधडी झाली तरी मुलगा नाशिकला हॉस्टेलवर कुडकुडतोय, म्हणजे आम्ही आतल्या सोलापुरी चादरी काढून घेऊन भलतंच काहीतरी भरलं असेल.

चादरीचं आधी सांगते. तुम्ही आणून दिलेल्या त्याच दोन चादरी आत आहेत, एकीच्या काठाला हळदीचा डाग होता तो तुम्हाला दाखवून बिलावर लिहिला होता. तरी मनात शंका असेल तर गोधडी घेऊन या, तुमच्यासमोर एक बाजू उसवते, डाग बघा. गिऱ्हाईकाच्या घरच्या कपड्याला आमच्याकडं कुणी हात लावत नाही, आईच्या साड्या आहेत म्हटल्यावर तर नाहीच.

पण गार लागते हे तुमचं खरं आहे आणि ती चूक माझी आहे, कारण मला कळत असून मी बोलले नाही. दोन चादरी घाला म्हणजे ऊब येईल असं तुम्ही म्हणालात आणि मी हो म्हणाले. सोलापुरी चादर म्हणजे जाड सुताचं घट्ट विणकाम, वर्षानुवर्षं टिकते, पण ऊब येते ती थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेनं, अंगाची गरमी ती हवा बाहेर जाऊ देत नाही. दोन चादरी एकावर एक दाबून शिवल्या की वजन वाढतं, हवेला जागा काही फारशी राहत नाही. त्यात तुम्हाला आईच्या हातच्यासारखे बारीक टाके पाहिजे होते म्हणून आमच्या बायकांनी बोटबोट अंतरावर धावदोरा घातला, आणि जिथं जिथं टाका जातो तिथं थर दबून चपटा होतो. दिसायला ती गोधडी फार सुंदर झाली होती, मी स्वतः फोटो काढून ठेवलाय. आपल्या सोलापुरात डिसेंबरात तेवढी पुरते, इथं पहाटे साधारण 14-15 डिग्री. नाशिकची थंडी वेगळी, शेजारी निफाडला तर पारा किती खाली जातो ते पेपरात येतंच, आणि गोधडी कुठं वापरणार हे मी विचारलंच नाही.

आता काय करायचं ते सांगते. एक चादर काढू आणि तिच्या जागी फायबरची शीट घालू, दुकानात तिला वॅडिंग म्हणतात, 300 जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारी, घेतली की फुगीर राहते, वजनाला हलकी, हॉस्टेलच्या मशीनमध्ये धुतली तरी लवकर वाळते. टाके चार-चार बोटांवर घालू म्हणजे फुगवटा दबणार नाही. कापूस घालू का असं बरेच जण विचारतात, नवा पिंजलेला कापूस छान उबदार असतो पण वापरून वापरून बसतो, गोळे होतात, ओला झाला तर दोन दोन दिवस वाळत नाही, हॉस्टेलच्या पोराला ते कसं जमणार. जुन्या गादीतला कापूस तर पिंजून घेतल्याशिवाय घालूच नये. खरी ऊब लोकरीची, दमट हवेतसुद्धा ती गार पडत नाही, आपल्याकडची घोंगडी उगाच नाही धनगर पावसापाण्यात अंगावर घेत. घरात जुनी लोकरीची शाल असेल तर आतल्या थराला ती फार चांगली, पण मशीनमध्ये, गरम पाण्यात टाकली की आटते आणि मग सगळी गोधडीच वेडीवाकडी होते, म्हणून तुमच्या मुलासाठी नको, तुमच्या स्वतःसाठी कधी करायची असेल तर सांगा.

अजून एक, साड्यांमध्ये दोन सिंथेटिक होत्या त्या अंगाकडच्या बाजूला गेल्यात, तो कपडा अंगाला लागला की पहिल्यांदा गारच वाटतो. त्या वर घेऊ आणि सुती साड्या आत, त्या धुऊन धुऊन मऊ झाल्यात, अंगाला बऱ्या लागतील.

या सगळ्याची शिलाई मी घेणार नाही, फक्त शीटचे पैसे द्या, तेही दुकानाचं बिल दाखवून. काढलेली चादर टाकू नका, मुलाला लोखंडी कॉटवर गादीच्या खाली दुमडून घालायला सांगा, पातळ गादी असली की निम्मी थंडी खालूनच येते. गोधडी आणताना धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवून आणा, आणि जमलं तर गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी आणा, यात्रेच्या दिवसांत आमच्या निम्म्या बायका सुट्टीवर असतात. चार दिवसांत करून देते.