खुर्ची, कांदेपोहे आणि किलबर्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘द डेली शो’ या अमेरिकी उपहासात्मक बातमीपत्राला नवा सूत्रसंचालक कसा शोधावा, या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया लिहिली आहे. आपले आक्षेप मला समजले ते असे. दीर्घकाळ सूत्रसंचालक राहिलेल्या जॉन स्टुअर्टने हा कार्यक्रम जन्माला घातला, हे माझे विधान चूक आहे. २०१५ साली घरची अनुभवी माणसे डावलून ट्रेवर नोआ या बाहेरच्या माणसाला खुर्चीत बसवणे ही वाहिनीची घोडचूक होती आणि मी तिची वकिली केली. २०२३ मध्ये पाहुणे सूत्रसंचालक आळीपाळीने बोलावले गेले, त्या न्याय्य पद्धतीला ‘कांदेपोह्यांचा कार्यक्रम’ म्हणून मी तिची टवाळी केली. आणि अखेरीस, इंदुरात बसून न्यूयॉर्कच्या खुर्चीची चिंता मी का वाहावी, असेही आपण विचारले आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. लिझ विन्स्टेड आणि मॅडलिन स्मिथबर्ग यांनी रचलेला हा कार्यक्रम २२ जुलै १९९६ रोजी कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर सुरू झाला तेव्हा खुर्चीत क्रेग किलबर्न होता. स्टुअर्ट ११ जानेवारी १९९९ रोजी आला. मात्र ही दुरुस्ती आपल्यापेक्षा माझ्याच बाजूने अधिक बोलते, असे मला वाटते. किलबर्नच्या काळात थट्टा प्रामुख्याने वृत्तवाहिन्यांच्या थाटाची, सिनेतारकांची आणि कुठल्यातरी आडगावच्या विक्षिप्त माणसांची होत असे. ती राजकारणाकडे आणि राजकारण दाखवणाऱ्या माध्यमांकडे वळवायला स्टुअर्टला आधीपासून असलेल्या लेखकांशी बराच झगडा करावा लागला, बेन कार्लिनसारखा ‘द अनियन’ या उपहासात्मक वृत्तपत्रातून आलेला माणूस लेखकांचा प्रमुख म्हणून बसवावा लागला, आणि कार्यक्रमाला स्वतःचा सूर सापडला तो २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे गेली. आपण नोआच्या पहिल्या वर्षाची तुलना स्टुअर्टच्या सोळाव्या वर्षाशी करता. ती १९९९ च्या स्टुअर्टशी केली तर चित्र बरेच वेगळे दिसेल.

हा काळ का लागतो, हे पूर्वीच्या लेखात मी नीट मांडले नव्हते. असा कार्यक्रम सूत्रसंचालक एकटा करीत नाही. सकाळी बैठक बसते, आदल्या रात्रीच्या बातम्यांच्या चित्रफिती चाळल्या जातात, दुपारपर्यंत लेखकांची संहिता तयार होते, तालमीत त्यातली बरीचशी गळून पडते, संध्याकाळी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण होते आणि रात्री अकराला ते प्रसारित होते. या धावपळीत लेखक विनोद लिहितात तो विशिष्ट माणसाच्या तोंडासाठी: कोणत्या शब्दावर तो थांबेल, कशावर भुवई उंचावेल, कोणत्या गोष्टीचा त्याला मनापासून राग येतो. माणूस बदलला की जुन्या मापाचे कपडे नव्या अंगावर चढतात. शिंपी तेच असले तरी माप नव्याने घ्यावेच लागते.

हे मला कोणत्याही अमेरिकी मुलाखतीपेक्षा आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवाने अधिक शिकवले. आमच्याकडे दरवर्षी एका संध्याकाळी ‘उलट्या बातम्यां’चा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तो अनेक वर्षे सादर करीत. नर्मदेच्या नळाची बातमी आली की ते चष्मा काढीत, त्याची घडी घालून कागदावर ठेवीत आणि काहीच बोलत नसत. तेवढ्यावर मंडप हसत असे. प्रकृतीमुळे त्यांनी थांबायचे ठरवले तेव्हा अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीकडे हे काम आले. पहिल्या वर्षी तिच्या हाती काकांच्याच धाटणीची संहिता दिली गेली, ती लिहिणाऱ्यांत मीही होतो. नळाची बातमी आली. तिला चष्मा नव्हता, म्हणून तिने तो खास मागून आणला होता. तिने तो काढला, घडी घातली, कागदावर ठेवला. मंडपात शांतता पसरली, आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, “काका हवे होते गं आज.” दुसऱ्या वर्षी तिने आम्हाला बाजूला सारून स्वतःच लिहिले: कचरागाडीचे गाणे ऐकून गजर बंद करणाऱ्या वसतिगृहातल्या मुली, आणि भंवरकुआंच्या शिकवणी वर्गांचे फलक, ज्यांवर एकच मुलगा तीन ठिकाणी पहिला आलेला असतो. लोक हसले. चष्म्याची आठवण कोणी काढली नाही.

आता नोआविषयी. १० फेब्रुवारी २०१५ रोजी स्टुअर्टने निरोपाची घोषणा केली तेव्हा घरचे वारस उरलेच किती होते? कार्यक्रमाचा जुना वार्ताहर स्टीफन कोल्बेर एप्रिल २०१४ मध्येच दुसऱ्या वाहिनीवर रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या डेव्हिड लेटरमनचा उत्तराधिकारी म्हणून जाहीर झाला होता. २०१३ च्या उन्हाळ्यात स्टुअर्ट चित्रपट दिग्दर्शित करायला गेला असता ज्याने खुर्ची उत्तम सांभाळली, तो जॉन ऑलिव्हर एप्रिल २०१४ पासून एचबीओवर स्वतःचा कार्यक्रम करू लागला होता. वाहिनीने डावलले म्हणण्यापेक्षा वाहिनीच्या हातून ते निसटले, हे म्हणणे अधिक योग्य होईल. सॅमँथा बीच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी वाद घालणार नाही. याच कार्यक्रमात वार्ताहर म्हणून बारा वर्षांचा अनुभव असलेल्या या बाईने फेब्रुवारी २०१६ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर स्वतःचे बातमीपत्र सुरू करून आपली योग्यता दाखवून दिली. आधी केवळ तीनदा या कार्यक्रमात दिसलेल्या नोआची निवड उतावीळपणे झाली, आणि घोषणेनंतर दिवसभरातच त्याचे जुने ट्वीट उकरले गेले तेव्हा वाहिनीने ते आधी वाचले होते की नाही असा प्रश्न पडावा, हेही खरे.

तरीही त्या निवडीतली एक गोष्ट मला आजही बरोबर वाटते. नोआ स्टुअर्टसारखा नव्हता, आणि त्याने तसे होण्याचा प्रयत्न फार काळ केला नाही. जोहान्सबर्गमध्ये वर्णभेदाच्या राजवटीत जन्मलेला हा माणूस अमेरिकेकडे परक्याच्या कुतूहलाने पाहत असे. स्टुअर्टचा संताप हा घरच्या माणसाचा संताप होता. प्रेक्षकसंख्या घसरली हे आपले म्हणणे खरे आहे, पण त्या सात वर्षांत लोक रात्री अकराचा दूरचित्रवाणी संच सोडून मोबाइलवर तुकडे पाहू लागले, आणि त्या तुकड्यांत नोआ चांगला रमला. स्टुअर्टचे १२ फेब्रुवारी २०२४ चे पुनरागमन आपण नोआच्या अपयशाचा पुरावा मानता. तो परतला ते आठवड्यातून फक्त सोमवारी, आणि नोआने डिसेंबर २०२२ मध्ये खुर्ची सोडल्यावर वाहिनीला वर्षभर निर्णय घेता आला नाही म्हणून. माझ्या मते तो अनिर्णयाचा पुरावा आहे.

त्या वर्षभरात जे चालले त्याला मी कांदेपोहे म्हटले. उपमा हलकी वाटली असेल, पण विचारपूर्वक केली होती. लेस्ली जोन्स, वांडा साइक्स, सारा सिल्व्हरमन, हसन मिन्हाज, अल फ्रँकन असे एकेक जण साधारण आठवडाभरासाठी येत गेले. आठवडाभरात पाहुणा आपले ठेवणीतले विनोद बाहेर काढतो, प्रेक्षक नवलाईने टाळ्या वाजवतात, लेखक सांभाळून घेतात. चाळिसाव्या आठवड्यात, जेव्हा बातमी तीच असते आणि राग शिळा झालेला असतो, तेव्हा हा माणूस काय करील हे त्यातून कळत नाही. पोहे उत्तम झाले (इंदुरात पोहे वाईट होतच नाहीत, हा भाग वेगळा) म्हणून पुढची दहा वर्षे कशी जातील हे कोणाला समजले आहे? शिवाय २ मेपासून लेखकांचा संप सुरू झाला, कार्यक्रम बंद पडला आणि चाचणी अर्धवट राहिली.

याच चाचणीतून मिन्हाजचे नाव पुढे आले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने दाखवून दिले की रंगमंचावर त्याने आपल्या आयुष्यातले म्हणून सांगितलेले काही प्रसंग तसे घडलेच नव्हते, भावनेचे सत्य वेगळे असते, असा त्याचा बचाव होता. आपण लिहिता की विनोदी कलाकाराला अतिशयोक्तीची मुभा हवी, आणि एकट्याने रंगमंचावर उभे राहणाऱ्याच्या बाबतीत मला ते मान्यही आहे. परंतु बातमीपत्राच्या मेजामागे बसलेला माणूस मंत्र्याची चित्रफीत थांबवून “हे खोटे आहे” म्हणतो, आणि आपण हसतो ते त्याच्यावर विश्वास ठेवून. दुसऱ्याची थाप पकडणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने स्वतःच्या मुलीवर ओढवलेल्या संकटाचा प्रसंग रंगवून सांगितला असेल, तर त्याच्या प्रत्येक विनोदाखालची जमीन सरकते. मिन्हाज हुशार आहे आणि त्याच्यावर काहीसा अन्यायही झाला असेल. तरी मीही त्याला ही खुर्ची दिली नसती.

पाहुण्यांची पद्धत मुळातच वाईट नाही, हे दाखवायला आपण ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ या बातम्यांवरील ब्रिटिश विनोदी प्रश्नमंजुषेचे उदाहरण दिलेत, आणि ते चांगले उदाहरण आहे. १९९० पासून सूत्रसंचालन करणाऱ्या अँगस डेटनला ऑक्टोबर २००२ मध्ये दूर केल्यावर तिथे कायमचा माणूस नेमलाच गेला नाही. दर भागाला पाहुणा येतो आणि कार्यक्रम आजही चालतो. पण तो कोणाच्या आधारावर चालतो? ‘प्रायव्हेट आय’ या उपहासात्मक नियतकालिकाचा संपादक इयन हिस्लॉप आणि विनोदी कलाकार पॉल मर्टन हे दोन्ही संघनायक जागचे हललेले नाहीत. पाहुण्याने प्रश्न वाचायचे असतात, भार ते दोघे वाहतात. आपल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये याच्या नेमके उलट होते: निलेश साबळे स्वतः लिहीत आणि दिग्दर्शनही करीत, त्यामुळे २०२५ च्या नव्या पर्वात अभिजीत खांडकेकर आले तेव्हा केवळ निवेदकच बदलला नव्हता.

इंदूरकराने याची चिंता का वाहावी, याचे उत्तर सोपे आहे. हिंदी व्यंगकार शरद जोशींचे सुरुवातीचे व्यंगलेखन याच शहरातून निघणाऱ्या ‘नईदुनिया’ या दैनिकात छापले गेले, आणि इथे रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी प्रतिष्ठितांना सोंगे चढवून बजरबट्टू संमेलन भरते. थट्टा कोणी करावी हा आमच्या गावचा जुना प्रश्न आहे.

“मग आपणच नाव सांगा,” असे आव्हान आपण दिले आहे. माझे मत जॉश जॉन्सनला. तो २०१७ पासून याच कार्यक्रमाच्या लेखकांत होता, २०२४ मध्ये वार्ताहर म्हणून पडद्यावर आला, आणि घाई न करता एक गोष्ट पंधरा-वीस मिनिटे खुलवत नेण्याची त्याची रीत स्टुअर्टचीही नाही, नोआचीही नाही. अट एकच: पहिली दोन वर्षे प्रेक्षकसंख्येचे तक्ते त्याच्या समोर धरू नयेत.

किलबर्नविषयीचे वाक्य मी आज मूळ लेखात दुरुस्त केले आहे. कांदेपोहे मात्र आहेत तिथेच ठेवतो.