मटमध्ये मेल अडकत नाही

‘मट, निओमट असले टर्मिनलमधले, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालणारे मेल क्लायंट आता कालबाह्य झाले. मेल एकाच संगणकात अडकतो, फोनशी मेळ बसत नाही, जीमेल जोडताच येत नाही आणि मराठी दिसत नाही,’ असा मजकूर लिनक्स वापरणाऱ्यांत सध्या बराच फिरतो आहे. तो वाचून नवी मुलं मटच्या वाटेलाच जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मेल अडकायचा तो पॉप३ या मेल उतरवण्याच्या जुन्या पद्धतीच्या जमान्यात. तेव्हा मेल उतरवून घेतला की सहसा सर्व्हरवरून पुसला जाई. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली आखलेल्या आयमॅप या पद्धतीत मूळ प्रत सर्व्हरवरच राहते. मट असो की फोनमधलं ॲप, दोघंही तीच बघतात.

मेळ बसत नाही, ही तक्रार मात्र खोटी नाही. दोष चुकीच्या ठिकाणी लावला जातो एवढंच. ऑफलाइन वाचायला बहुतेक जण एमबीसिंक हे सर्व्हरवरचा मेल संगणकात उतरवून दोन्हीकडे जुळवणारं साधन वापरतात. ते मेलडिर नावाच्या फोल्डर-रचनेत प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवतं. मेल वाचला की मट फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एस’ जोडतं, उत्तर दिलं की ‘आर’. पुढच्या फेरीत एमबीसिंक या खुणा सर्व्हरला कळवतं आणि फोनवरही तो मेल वाचलेला दिसतो. पण ही फेरी आपोआप होत नाही, क्रॉन या ठरल्या वेळी कामं करून घेणाऱ्या सोयीत दर पाच मिनिटांनी लावावी लागते. शिवाय पुसलेले मेल कायमचे काढणारं एमबीसिंकचं ‘एक्स्पंज’ हे सेटिंग मुळात बंद असतं. ते ‘बोथ’ केल्याशिवाय पुसलेले मेल दोन्हीकडून जात नाहीत. ते करण्याआधी मेलडिरची वेगळी प्रत काढून ठेवाच, कारण चुकून पुसलेलंही तितक्याच इमानाने दोन्हीकडून जाईल.

जीमेल? मे २०२२ अखेर गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने जोडणं बंद केलं, हे खरं. पण टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून मटसारख्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा सोळा अक्षरी ॲप पासवर्ड घेतला की काम होतं. ऑफिसच्या खात्यावर ॲडमिनने हा मार्ग बंद केला असेल, तर ओऑथ२, म्हणजे पासवर्डऐवजी गूगलकडून परवानगी घेऊन जोडणं लागतं. ती खटपट थोडी जास्त आहे. आणि एमबीसिंकमध्ये जीमेलचं सगळे मेल असलेलं ‘ऑल मेल’ फोल्डर वगळा, नाहीतर तेच मेल डिस्कवर दोनदा येतात.

मराठीचं म्हणाल तर अक्षरं जुळवणं टर्मिनलचं काम आहे, मटचं नव्हे. एक्सटर्ममध्ये जोडाक्षरं तुटतात, एमएलटर्ममध्ये नीट दिसतात. लोकेल (संगणकाचं भाषेचं सेटिंग) मात्र यूटीएफ-८ (सगळ्या लिपी साठवणारी पद्धत) हवं. लिहिताना तर मट तुम्ही सांगाल तोच एडिटर उघडतं.